जेवणाची सुट्टी कागदावर आणि प्रत्यक्षात: हक्क ओळखण्यापासून मागण्यापर्यंत

भरल्या ताटावरून माणसाला उठवू नये, असं आपण म्हणतो. कामाच्या ठिकाणी मात्र हे रोज होतं आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही. घास हातात असतो, फोन वाजतो, 'दोन मिनिटं ये जरा' असा निरोप येतो. परत येईपर्यंत सुट्टी संपलेली असते. महिनाअखेरीला हजेरीच्या कागदावर मात्र रोजच्या रोज अर्धा तास विश्रांती दिल्याची नोंद असते.

म्हणून मिनिटं मोजण्याआधी एक प्रश्न मनात ठेवा: त्या अर्ध्या तासात तुम्हाला कोण बोलावू शकतं? उत्तर 'कुणीही' असेल, तर तुमची सुट्टी फक्त कागदावर आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्या या प्रश्नाभोवती फिरतात.

पायरी १: तुम्हाला कोणता नियम लागू होतो ते शोधा

'कायद्यात काय आहे?' असं विचारलं की लोक एकच आकडा सांगतात आणि तो बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या तरी कायद्यातला असतो. सुट्टीचे नियम देशाप्रमाणे, राज्याप्रमाणे आणि धंद्याप्रमाणे बदलतात. कारखान्याचा नियम दुकानाला लागू होईलच असं नाही. ड्रायव्हर, खाणकामगार, विमान कर्मचारी यांचे नियम बहुतेक ठिकाणी वेगळे असतात. मॅनेजर पदावरच्या माणसांना अनेक कायदे कामाच्या तासांच्या नियमांतून वगळतात. पण नुसतं पदाचं नाव 'मॅनेजर' असून भागत नाही, कामाचं स्वरूप तसं असावं लागतं.

शोधताना वरून खाली या: आधी देशाचा किंवा राज्याचा कायदा, मग तुमच्या धंद्यासाठीचे खास नियम, मग युनियनशी झालेला करार, मग कंपनीचे स्थायी आदेश (नोकरीच्या अटींची लेखी नियमावली) आणि शेवटी तुमचं नेमणूकपत्र. खालचा कागद वरच्यापेक्षा जास्त देऊ शकतो, साधारणपणे कमी देऊ शकत नाही. कायदा अर्धा तास म्हणत असेल आणि नेमणूकपत्र एक तास, तर तुमचा हक्क एक तासाचा.

कुठे विचारायचं हेच कळत नसेल तर आधी नोटीस बोर्ड वाचा. यामागे शंभर वर्षांहून जुनं कारण आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा अगदी पहिला करार १९१९ चा, आठ तासांच्या दिवसाचा. काम कधी सुरू होतं, कधी संपतं आणि कामाच्या तासांत न धरलेली विश्रांती कधी असते हे मालकाने कामगारांना दिसेल असं लावावं, ही अट त्यातच आहे. भारताने हा करार १९२१ मध्ये मान्य केला. बोर्डावर वेळ लिहिलेली असेल तर तिचा फोटो काढून ठेवा, पुढे उपयोगी पडतो.

भारतातल्या वाचकांसाठी एक सावधगिरी. कारखान्यांबाबत वर्षानुवर्षं पाठ असलेला नियम १९४८ च्या कारखाना कायद्यातला आहे: सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आणि त्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ने घेतली. नव्या संहितेत रोजच्या कामाची कमाल मर्यादा आठ तास आहे, पण मधल्या सुट्टीचा तपशील सरकारने अधिसूचनेने ठरवायचा आहे. दुकानं आणि कार्यालयांसाठी राज्यांचे कायदे वेगळे आहेत. त्यामुळे जुन्या पुस्तकातलं कलम दाखवून भांडायला जाऊ नका. चालू अधिसूचना हातात घ्या, मग जा.

पायरी २: नियमातले तीन आकडे वेगळे करा

प्रत्येक सुट्टीच्या नियमात तीन गोष्टी असतात: किती तासांनंतर, किमान किती वेळ आणि पाळीच्या कोणत्या भागात. लोक फक्त दुसरी बघतात.

काही देशांचे आकडे शेजारी ठेवले की फरक लक्षात येतो. ब्रिटनमध्ये १९९८ च्या नियमांनुसार दिवसाचं काम सहा तासांपेक्षा जास्त असेल तर सलग २० मिनिटं. जर्मनीत सहा तासांवर ३० मिनिटं, नऊ तासांवर ४५, आणि तुकडे केले तर १५ मिनिटांहून छोटा तुकडा धरतच नाहीत. जपानमध्ये सहा तासांवर ४५ मिनिटं, आठ तासांवर पूर्ण तास. संयुक्त अरब अमिरातीत सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नाही आणि मधली विश्रांती एकूण किमान एक तास. अमेरिकेचा संघीय कायदा तर प्रौढ कामगाराला जेवणाची सुट्टी द्याच असं म्हणतच नाही. तिथे हा हक्क राज्यागणिक बदलतो. कॅलिफोर्नियात पाचवा तास संपण्याआधी ३० मिनिटांची जेवणाची सुट्टी सुरू व्हावी लागते, शिवाय दर चार तासांच्या कामामागे दहा मिनिटांची पगारी विश्रांती.

दिवसाच्या मध्यावरचा अर्धा तास आपल्याकडे कसा आला, हे इथेच सांगून टाकतो. १८८४ मध्ये मुंबईत कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. त्यांतल्या मागण्यांमध्ये आठवड्याच्या सुट्टीसोबत दुपारी अर्ध्या तासाची विश्रांतीही होती. १८९१ च्या कारखाना कायद्याने दुपारचा तो अर्धा तास सक्तीचा केला. तोवर अनेक गिरण्यांत सकाळी चालू झालेला साचा (माग) संध्याकाळपर्यंत थांबत नसे आणि माणसाने तो चालू असतानाच कसंबसं खाऊन घ्यावं अशी अपेक्षा असे.

आता हिशोब करून बघू. पाळी सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. सुट्टी दुपारी तीनला, अर्धा तास. वरवर सगळं ठीक दिसतं. पण नऊ ते तीन म्हणजे सलग सहा तास. तुम्हाला लागू असलेला नियम 'सलग पाच तास' म्हणत असेल, तर सुट्टी मिळूनही नियम मोडला गेला, कारण ती फार तर दोनला सुरू व्हायला हवी होती.

याच्या उलटही होतं. 'सुट्टी घेऊ नका, त्याऐवजी अर्धा तास लवकर घरी जा.' ऐकायला गोड लागतं आणि खरं सांगायचं तर अनेकांना ते हवंही असतं. पण मधली सुट्टी कामाच्या मध्येच असावी लागते. शेवटी घेतलेली ती सुट्टी नाही, ते लवकर सुटणं झालं. ब्रिटनमध्ये अशीच व्यवस्था एका बस कंपनीने केली होती. ते प्रकरण अपिलात गेलं आणि २०१६ च्या निकालात न्यायाधिकरणाने एक महत्त्वाची गोष्ट सांगितली: सुट्टी घेता येईल अशी कामाची आखणी करणं हे मालकाचं काम आहे. कामगाराने मागितली नाही म्हणून हक्क बुडत नाही.

एक चौथा आकडाही बघून ठेवा: पाळी सुरू झाल्यापासून संपेपर्यंतचा एकूण पसारा. हॉटेलं, वाहतूक, दुकानं इथे दुपारी तीन-चार तासांची 'सुट्टी' देऊन दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत ताणतात. १९४८ च्या कायद्यात विश्रांती धरून साडेदहा तासांची मर्यादा होती ती याच कारणासाठी. सुट्टी लांब असणं म्हणजे चांगलं असणं नव्हे.

पायरी ३: वेळ पगारी आहे की बिनपगारी, ते ठरवा

साधारण रीत अशी की जेवणाची लांब सुट्टी बिनपगारी असते आणि चहा-पाण्याची छोटी सुट्टी पगारी. अमेरिकेच्या संघीय नियमांत हे स्पष्ट आहे. तिथे सुट्टी देण्याची सक्ती नाही, पण ५ ते २० मिनिटांची दिलीच तर तिचा पगार द्यावा लागतो. साधारण ३० मिनिटांची जेवणाची सुट्टी बिनपगारी ठेवता येते, पण कामगार त्या वेळात कामातून पूर्ण मोकळा असेल तरच. जेवता जेवता फोन उचलायचा असेल, तर ते काम आहे.

हा मुद्दा किरकोळ वाटत असेल तर गुणाकार करा. महिन्याला २६ कामाचे दिवस, रोज अर्धा तास कापला गेला पण काम केलं: १३ तास. म्हणजे आठ तासांचे दीड दिवसांहून जास्त, दर महिन्याला फुकट.

पायरी ४: तुम्ही खरंच मोकळे असता का?

बहुतेक भांडणं इथेच असतात, म्हणून इथे जरा रेंगाळू.

प्राग शहराच्या वाहतूक कंपनीत एक अग्निशामक कर्मचारी होता. त्याला पाळीत अर्ध्या तासाच्या दोन सुट्ट्या मिळत. उपाहारगृह दोनशे मीटरवर होतं. पण जाताना अंगावर ट्रान्समीटर ठेवायचा आणि वर्दी आली की दोन मिनिटांत गाडीत बसायचं. वर्दी आली तरच त्या वेळेचा पगार, एरवी नाही. युरोपीय न्यायालयाने ९ सप्टेंबर २०२१ च्या निकालात सांगितलं की असं बंधन माणसाच्या मोकळ्या वेळेवर फार मोठा परिणाम करत असेल, तर तो वेळ कामाचाच धरावा लागेल. वर्दी प्रत्यक्षात क्वचित येत असली तरी बोलावणं कधीही येऊ शकतं, हाच तर ताण असतो.

कॅलिफोर्नियात सुरक्षारक्षकांच्या बाबतीत असंच झालं. विश्रांतीतही रेडिओ आणि पेजर चालू ठेवा, गरज पडली तर उठा, असा नियम होता. २०१६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की बोलावण्याची वाट बघत घेतलेली विश्रांती ही विश्रांती नव्हे.

आणखी एक पळवाट असते: 'अहो, दुपारी तासभर काहीच काम नव्हतं, तेव्हा बसलाच होतात ना!' ब्रिटनच्या अपील न्यायालयाने २००४ मध्ये विमानांत जेवण पोचवणाऱ्या कामगारांच्या प्रकरणात याचं उत्तर दिलं आहे. दोन फेऱ्यांमधला रिकामा वेळ सुट्टी होत नाही. सुट्टी सुरू होतानाच कामगाराला माहीत हवं की हा वेळ माझा आहे आणि तो मला हवा तसा घालवता येईल. 'बसलो होतो, नंतर कळलं की ती सुट्टी होती' हे चालत नाही.

आता स्वतःला विचारा. सुट्टीत जागा सोडून जाता येतं का? ऑफिसचा फोन बंद ठेवला तर कुणी जाब विचारतं का? तुमच्या जागी त्या वेळात दुसरं कुणी असतं का? एकट्याने दुकान, रिसेप्शन, वॉर्ड किंवा गेट सांभाळणाऱ्यांसाठी हा तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. बदली माणूस नसेल तर मालक कितीही म्हणाला 'घ्या की सुट्टी', ती घेता येत नाही. आणि हो, लघवीला जाणं म्हणजे सुट्टी नव्हे. ती शरीराची गरज आहे, तिची मिनिटं जेवणाच्या वेळेतून कापायची नसतात.

दुसरी बाजूही सांगायला हवी. मालकाने खरोखर मोकळं सोडलं आणि तुम्ही स्वतःच्या मर्जीने टेबलावर काम करत जेवलात, तर प्रत्येक ठिकाणी तो दोष मालकाचा ठरत नाही. कॅलिफोर्नियाच्याच सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये म्हटलं होतं की मालकाने सुट्टी द्यायची, पण त्या वेळात कुणी काम करत नाही ना याची राखण करत बसायची गरज नाही. म्हणून 'मीच नाही घेत' ही सवय असेल तर ती आधी मोडा. पुढे तक्रार करायची वेळ आली तर हीच सवय तुमच्याविरुद्ध वापरली जाईल.

पायरी ५: दोन आठवडे लिहून काढा

तक्रार करण्याआधी, अगदी तोंडी बोलण्याआधीसुद्धा, दोन आठवड्यांची नोंद करा. साधी वही पुरते. तारीख, पाळी सुरू झाल्याची वेळ, सुट्टी सुरू झाली ती वेळ, संपली ती वेळ, मध्ये कुणी कशासाठी बोलावलं. त्याच दिवशी लिहा. आठवड्याच्या शेवटी आठवून लिहिलेल्या नोंदीत सगळ्या वेळा गोल येतात, एक, दीड, दोन, आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळतं.

मी स्वतः एका ठिकाणी नोकरीत असताना हे उशिरा शिकलो. हजेरीचं सॉफ्टवेअर रोज आपोआप तीस मिनिटं वजा करायचं, सुट्टी घेतली का हे न विचारता. आम्ही वर्षभर कुरकुरत होतो. कुरकुर ऐकून कुणीही हललं नाही. मग एका सहकारी ताईंनी चौदा दिवसांचं एक पान लिहून सॅलरी स्लिपला टाचणी लावून साहेबांच्या टेबलावर ठेवलं. त्यावर मात्र उत्तर द्यावं लागलं.

सोबत ठेवायचे कागद: नेमणूकपत्र, पाळीचं वेळापत्रक, सॅलरी स्लिप, सुट्टीत कामाला बोलावणारे मेसेज. हे स्वतःकडे ठेवा. ऑफिसच्या मेलमध्ये ठेवलेले कागद नोकरीबरोबर जातात. पण ग्राहकांची माहिती, रुग्णांचे कागद, कंपनीचे गोपनीय दस्तऐवज यांना पुरावा म्हणूनही हात लावू नका. सुट्टीचा प्रश्न बाजूला राहील आणि तुमच्यावरच कारवाई होईल.

पायरी ६: आधी बोला, मग लिहा

सुपरवायझरशी बोलताना 'माझा हक्क' या शब्दाने सुरुवात केली तर समोरचा लगेच बचावाला उभा राहतो. बऱ्याचदा सुपरवायझरच्या हातातही माणसं कमी असतात. वही उघडून सांगा: 'साहेब, गेल्या बारा दिवसांत सात दिवस जेवण अर्धवट राहिलं. एक ते दीड काउंटरवर कुणाला तरी बसवता येईल का?' अडचणीसोबत तोडगा नेला की निम्मी प्रकरणं इथेच मिटतात, असा माझा अनुभव आहे. जोडीने सुट्टी घेण्याची पाळी लावणं, फोन दुसऱ्या टेबलाकडे वळवणं, गेटवर अर्ध्या तासाचा रिलिव्हर, असे साधे तोडगे असतात.

आठवड्याभरात फरक पडला नाही तर लेखी द्या. पत्र लहान ठेवा, राग वगळा:

'प्रति, विभाग व्यवस्थापक. विषय: जेवणाची सुट्टी प्रत्यक्षात मिळण्याबाबत. महोदय, माझी पाळी सकाळी ९ ते संध्याकाळी ६ अशी असून नेमणूकपत्रानुसार दुपारी १ ते १.३० ही जेवणाची सुट्टी आहे. दिनांक ३ ते १६ या काळातील बारा कामाच्या दिवसांपैकी सात दिवशी या वेळेत मला काउंटरवर बोलावण्यात आले. तपशील सोबत जोडला आहे. या सातही दिवसांचा अर्धा तास पगारातून वजा झाला आहे. तरी या वेळेत काउंटरवर दुसऱ्या व्यक्तीची व्यवस्था करावी आणि वजा झालेले साडेतीन तास कामाच्या वेळेत धरावेत, ही विनंती. कृपया लेखी उत्तर मिळावे. आपला नम्र,'

मेलने पाठवलं तर स्वतःला प्रत ठेवा. हाताने दिलं तर दुसऱ्या प्रतीवर 'मिळाले' असा सही-शिक्का आणि तारीख घ्या. शक्य असेल तर तिघाचौघांनी मिळून सही करा. एकट्याचं पत्र हे त्याचं गाऱ्हाणं वाटतं, चौघांचं असेल तर ती विभागाची अडचण होते.

पायरी ७: उत्तर आलं नाही तर

क्रम असा: कंपनीतली तक्रार समिती किंवा एचआर, मग युनियन असेल तर युनियन, मग सरकारी कामगार कार्यालय किंवा तपासणी अधिकारी, आणि शेवटी न्यायालय किंवा न्यायाधिकरण. दाद मागायची मुदत अनेक ठिकाणी वर्षांत नव्हे, महिन्यांत मोजतात. अंतर्गत तक्रारीच्या उत्तराची वाट बघता बघता बाहेरची मुदत निघून जाते, आणि यात बरेच जण फसतात. म्हणून अंतर्गत पत्र दिलं त्याच दिवशी बाहेरची शेवटची तारीख काढून वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

काय मिळू शकतं, तेही ठिकाणाप्रमाणे वेगळं. कुठे कापलेला पगार, कुठे ओव्हरटाइम, कुठे मालकाला दंड. कॅलिफोर्नियात ज्या दिवशी जेवणाची सुट्टी दिली नाही त्या दिवसामागे एक तासाचा जादा पगार द्यावा लागतो. तक्रार केल्यानंतर अचानक पाळी बदलली, मेमो आला, तर त्याचीही तारखेनिशी नोंद ठेवा. तक्रारीचा सूड घेणं हा अनेक कायद्यांत स्वतंत्र गुन्हा किंवा गैरप्रकार धरला जातो.

ज्यांचे नियम वेगळे असतात

स्तनपान करणाऱ्या आईला जेवणाच्या सुट्टीव्यतिरिक्त वेगळी सुट्टी मिळते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २००० चा मातृत्व संरक्षण करार ही सुट्टी कामाच्या वेळेत धरून पगारी असावी असं सांगतो. भारतात १९६१ च्या कायद्याने बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन वेळा ती देऊ केली. जेवणाची वेळ यात मोजायची नाही.

अठरा वर्षांखालच्यांना सहसा जास्त विश्रांती असते. ब्रिटनमध्ये साडेचार तासांवर काम झालं की ३० मिनिटं. युरोपात ट्रकचालकांना साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटं थांबावंच लागतं. हवं तर आधी १५ आणि मग ३० असे दोन भाग करता येतात. हा क्रम उलटा चालत नाही.

उन्हात काम करणाऱ्यांसाठी आखाती देशांत दुपारची बंदी असते. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन, कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी दहा ते दुपारी साडेतीन, उघड्यावरचं काम बंद. त्या वेळात सावलीत बसवून दुसरं काम दिलं, तर ती विश्रांती धरायची नाही. जेवणाच्या सुट्टीचा हिशोब वेगळाच करावा लागतो.

कंत्राटदारामार्फत काम करत असाल तर पत्र दोघांना द्या, कंत्राटदाराला आणि ज्यांच्या आवारात काम करता त्यांना. पगार एक देतो, वेळापत्रक दुसरा लावतो आणि विचारलं की दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. एकाच पत्रावर दोघांची नावं असली की निदान दोघांनाही एकच तारीख पाळावी लागते.

घरून काम करणाऱ्यांची सुट्टी सगळ्यात लवकर हरवते, कारण ती मोडताना कुणी बघत नाही. कॅलेंडरमध्ये वेळ अडवून ठेवा, स्थिती 'जेवायला' अशी लावा, आणि त्या वेळात मीटिंगचं निमंत्रण आलं तर नुसतं नाकारू नका. 'दीडनंतर चालेल' असं लेखी उत्तर द्या. ते उत्तर तुमच्या नोंदवहीतली आणखी एक ओळ आहे.